साळूबाईंनी डॉक्टरांची गाडी घेतली

एका जंगलात, मुलांनो, पूर्वी सगळे पायी चालायचे. मग एकाने गाडी घेतली. मग दुसऱ्याचे पाय दुखू लागले. अशी त्या जंगलात गाड्यांची साथ आली.

तिथे साळूबाई नावाची एक साळिंदर राहायची. अंगभर काटे, पण मन लोण्यासारखं. तिचे यजमान काटेराव. ते फार बोलत नसत. बोलायला जागाच मिळत नसे.

त्यांची एकुलती एक लेक शेवंता, घाटापलीकडे दिलेली. तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही त्या जंगलातली रीत. पण नववा महिना लागलेली लेक चालत घाट कशी उतरणार? तेव्हा गाडी हवी. नवी परवडेना, म्हणून जुनी. आणि तीही लवकर, कारण पोटातलं बाळ काही कुणासाठी थांबत नाही.

हे सगळं मला कसं माहीत? शेजार आहे आमचा. मी काही कान लावून ऐकत नाही. साळूबाईच मोठ्यांदा बोलतात.

तर साळूबाई आधी कोल्हेमिस्त्रींकडे गेल्या. हा कोल्हा गाड्या दुरुस्त करायचा. हाताला गुण होता. पण आडनाव असं असल्यावर कोण जाणार? त्याच्या टपरीपुढे माशीसुद्धा बसायला कचरायची.

कोल्हा म्हणाला, "ताई, गाडी सकाळी बघायला जा, न सांगता. बॉनेटला हात लावा. गरम लागलं, तर समजा त्यांनी आधीच चालू करून ठेवलीय. थंड गाडी किती कुंथते, ते आपल्याला कळू द्यायचं नसतं त्यांना."

"बरं."

"किलोमीटरच्या काट्यावर जाऊ नका. तो मागे फिरवता येतो. ब्रेकच्या पायपट्टीचं रबर बघा. ते बिचारं खोटं बोलत नाही. आणि हे चुंबक ठेवा. दाराला लावा. पत्रा असेल तर चिकटेल. आतून लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वरून रंग मारला असेल, तर पडेल."

"आणि?"

"आणि चढावर चालवून बघितल्याशिवाय हो म्हणू नका. वाटलं तर मला न्या सोबत."

साळूबाई गोड हसल्या. चुंबक बटव्यात टाकलं. मिस्त्रीला मात्र नेलं नाही. कोल्ह्याला घेऊन गेलं तर समोरच्याला काय वाटेल?

कारण समोरचा होता ससा. धवलशेठ ससा! पांढराशुभ्र, डोळे लाल, पण ते जागरणाने असतील असं सगळे म्हणत. शिवाय तो साळूबाईंच्या विहीणबाईंचा मानलेला भाऊ. दर वर्षी राखी. आता सांगा, लेकीच्या सासूच्या भावाला "दाखवा बरं गाडी चढावर चालवून" असं कसं म्हणायचं? उद्या ते लेकीलाच ऐकून घ्यावं लागायचं.

आम्ही तिघं गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण गाडी बघताना दोन डोळे जास्त असलेले बरे.

"या या, ताई!" ससा म्हणाला. "तुमच्यासाठीच राखून ठेवली होती. डॉक्टर घुबडांची गाडी. एकाच हाताची! फक्त दवाखान्यात जायची आणि घरी यायची."

गाडी चकचकीत होती. आतून उदबत्तीचा वास येत होता. साळूबाईंनी हळूच बॉनेटला हात लावला. चटका बसला.

"उन्हात उभी आहे ना," ससा म्हणाला.

गाडी जांभळीच्या गर्द सावलीत उभी होती. पण साळूबाईंनी वर बघितलं नाही. वर बघितलं असतं तर ससा खोटा पडला असता.

मी वाकून ब्रेकची पट्टी बघितली. रबर झिजून गुळगुळीत झालेलं, खालचं लोखंड दिसत होतं. "गाडी एवढी कमी फिरलीय आणि हे असं?" मी विचारलं. मला भीड नाही, माझी लेक तिकडे दिलेली नाही.

"डॉक्टरसाहेब फार जपून चालवायचे हो," ससा म्हणाला. "सारखे ब्रेक दाबायचे."

तेवढ्यात साळूबाईंनी धीर करून बटव्यातलं चुंबक काढलं आणि सहज लागल्यासारखं दाराला लावलं. चुंबक टपकन खाली पडलं.

सगळे चुंबकाकडे बघत राहिले.

"चुंबक जुनं झालंय तुमचं," ससा हळहळला. "थांबा, मी चांगलं देतो." आणि त्याने चुंबक नाही, नारळ दिला. "आधी हा वाढवा, ताई. मुहूर्त टळतोय."

आता त्या जंगलातली दुसरी रीत ऐका. गाडीपुढे नारळ वाढवला की गाडी लक्ष्मी होते. आणि लक्ष्मी कुणी परत करत नाही. कागद नंतर वाचायचे, नारळ आधी. साळूबाईंनी नारळ हातात घेतला. माझ्याकडे बघितलं, काटेरावांकडे बघितलं. काटेराव काहीतरी बोलणार होते.

फट्!

सशाने खोबरंसुद्धा स्वतःच वाटलं.

तिसऱ्या दिवशी गाडी खोकायला लागली. ससा म्हणाला, "काळजीच करू नका. आपल्या सुतारपक्ष्याकडे न्या. माझं नाव सांगा."

सुतारपक्ष्याचं गॅरेज मोठं होतं. त्याने गाडीला कान लावला आणि चोच मारू लागला. टक टक टक. "ऐकलंत? पोकळ आहे." टक टक टक. "हे बघा, रेडिएटरला भोक."

"हे आत्ता पडलं का?" मी विचारलं.

"आत्ता दिसलं," तो म्हणाला.

दुपारपर्यंत त्याला गाडीत इतकं काही दिसलं, की मला वाटलं आता चाकंच तेवढी जुनी राहणार. किती लागतील ते आधी लिहून द्या, असं मी साळूबाईंना कोपराने खुणावलं. त्यांनी मलाच परत कोपर मारलं. काटेसुद्धा लागले थोडे.

निघताना मात्र त्यांना मिस्त्रीचं बोलणं आठवलं असावं. हळूच म्हणाल्या, "जुने काढलेले भाग मिळतील का?"

"कशाला, ताई? नातवाला खुळखुळा करायचाय?"

सगळं गॅरेज हसलं. साळूबाईही हसल्या. मग त्याने एक पिशवी भरून दिली. घरी येऊन काटेरावांनी ती उपडी केली. एक लोखंडी कडी उचलून बराच वेळ बघितली. त्या आठवड्यातलं त्यांचं ते पहिलं वाक्य होतं:

"हे बैलगाडीचं आहे."

"मग ते बैलगाड्याही दुरुस्त करत असतील," साळूबाई म्हणाल्या.

असं तीनदा झालं. खोकला गेला की कंप सुटायचा, कंप गेला की धूर. प्रत्येक वेळी सुतारपक्ष्याला नवी पोकळी सापडायची. आणि घाटापलीकडून कावळा निरोप आणायचा. "आई, केव्हा येतेस?" मग, "आई, उशीर होतोय." शेवटचा निरोप नुसता "आई" एवढाच होता. कावळा म्हणाला, पुढचं तिला सांगवलं नाही.

ते ऐकून साळूबाईंनी बाळंतविडा, डिंकाचे लाडू आणि मला गाडीत घातलं आणि निघाल्या. काटेराव चालवत होते.

घाटाच्या तिसऱ्या वळणावर गाडी थांबली. धूर नाही, कंप नाही, खोकला नाही. नुसतीच थांबली. तिला चढ पहिल्यांदाच दिसत होता ना.

साळूबाई रस्त्यावर बसल्या. मग म्हणाल्या, "अहो, मिस्त्रीला घेऊन या."

काटेराव उतारावरून गडगडतच गेले. आणि तेवढ्यात वरून कुणीतरी येताना दिसलं. थांबत, झाडाला धरत, पुन्हा चालत. शेवंता! वाट बघून बघून ती स्वतःच निघाली होती. मागे तिच्या सासूबाई, हातात कंदील न् पंखा, तोंडाने रामनाम.

"आई, गाडी आली ना?" शेवंताने विचारलं.

"आली की गं," साळूबाई म्हणाल्या. "ही बघ."

शेवंता मागच्या सीटवर बसली ती उठलीच नाही. कळा सुरू झाल्या. विहीणबाईंनी रामनाम थांबवलं आणि पदर खोचला. मी लाडू बाजूला ठेवले. पुढचं मुलांना सांगण्यासारखं नाही. एवढंच सांगते, की त्या गाडीची मागची सीट खरोखर चांगली होती. तेवढी एक गोष्ट डॉक्टरांची असावी.

नात झाली. साळिंदराचं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याचे काटे अगदी मऊ असतात, बरं का. पुढे ते टणक होतात. ते कुणाला टोचायचे आणि कुणाला नाही, हे मात्र घरचे शिकवतात.

कोल्हेमिस्त्री धापा टाकत आला. बॉनेट उघडलं. एक वायर उचलून जागेवर बसवली. "ही सैल करून ठेवली होती, ताई. पुन्हा गॅरेजला यावं म्हणून." गाडी सुरू झाली. त्याने पैसे घेतले नाहीत. बाळ बघितलं, हात पुसून त्याच्या पायाला बोट लावलं, आणि चालत गेला. गाडीत जागाच नव्हती.

बाराव्या दिवशी बारसं. सगळं जंगल जमलं. धवलशेठ ससा जरीचं टोपडं घेऊन आला.

"पायगुण बघा गाडीचा!" तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "ऐन वेळेला उपयोगी पडली!"

"आमच्या भावाचा हातच तसा आहे," विहीणबाई म्हणाल्या. ह्या त्याच बाई, ज्यांनी घाटात कंबर कसली होती! पण भावासमोर त्यांचंही अवसान उतरलं.

कोपऱ्यात एक रानडुक्कर बसलं होतं. त्याचे वडील आजारी होते. त्यांना रोज वैद्याकडे न्यायला त्याला गाडी हवी होती. ते उठून सरळ साळूबाईंकडे आलं.

"ताई, तुम्ही वापरलीय. खरं सांगा. घेऊ का यांच्याकडून?"

पाळण्याची दोरी थांबली. मी म्हटलं, आता काटे उभे राहतात. शेवंता आईकडे बघत होती. काटेराव आईकडे बघत होते, म्हणजे शेवंताच्या. कोल्हेमिस्त्री दाराशी, चपलांजवळ बसला होता. त्याला बोलावलं होतं, पण तेवढंच आत.

साळूबाईंनी विहिणीकडे बघितलं. सशाकडे बघितलं. नातीच्या डोक्यावरचं जरीचं टोपडं नीट केलं.

"छान आहे हो," त्या म्हणाल्या. "आमची तर काहीच तक्रार नाही."

मिस्त्रीने चपला घातल्या. सशाने पिशवीतून नारळ काढला. तो बारशालाही नारळ घेऊनच आला होता.

महिन्याभरात घाटाच्या तिसऱ्या वळणावर सहा गाड्या उभ्या असायच्या. सगळ्या डॉक्टरांच्या, सगळ्या एकाच हाताच्या. मालक एकमेकांना हात करायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, "हवा खायला थांबलोय." अंधार पडायच्या आत एकेक जण हळूच मिस्त्रीला बोलावून आणायचा आणि "कुणाला सांगू नका हं" म्हणून त्याचे पाय धरायचा.

साळूबाईंच्या मनावरचं ओझं मात्र उतरलं. परवाच मला म्हणाल्या, "अगं, मला वाटत होतं माझंच काही चुकलं. पण एवढे सगळे शहाणे लोक त्याच्याकडून घेतात, म्हणजे माझं बरोबरच होतं!"

तात्पर्य : गाडी घेताना फसलात, तर कुणाला सांगू नका. गाडीचं तोंडभरून कौतुक करा. थोड्याच दिवसांत चांगली सोबत मिळते.