नव्वद सेंटिमीटरचे आभार

"गोल म्हणजे काय, ते मला विचारा!" असं नीन्के त्या आठवड्यात कोणीही न विचारता सांगत होती. बेकरीवाल्याला सांगून झालं, वाचनालयातल्या बाईंना सांगून झालं, एका टपालवाल्याला तर भर थंडीत थांबवून तिने पृष्ठफळ समजावलं!

आणि का सांगू नये? गेल्या वर्षी हीच नीन्के गणिताच्या तासाला अशी बसायची, जशी माणसं दात काढायला बसतात. 'सहगुणक' शब्द नुसता कानावर पडला तरी बाकाखाली पडलेली पेन्सिल शोधायला लागायची! यंदा हॉफस्ट्रा बाई आल्या. त्यांनी सायकलचं चाक वर्गात आणून त्रिज्येला हात लावायला दिला, चीज कापून अपूर्णांक खाऊ घातले, आणि दहापैकी चार मिळवणारी नीन्के चक्क आठवर जाऊन बसली!

बाईंचे आभार मानायचे होते आणि नेमकं तेवढंच जमत नव्हतं. तास संपला की ती टेबलापाशी जायची, छाती भरून श्वास घ्यायची आणि म्हणायची, "बाई, गृहपाठ कुठला?" बाईंना मग आठवायचं की गृहपाठ द्यायचा राहिलाच! सगळा वर्ग नीन्केवर खार खाऊन होता.

तेवढ्यात डिसेंबर उजाडला, सिंटरक्लासचा, म्हणजे भेटी वाटणाऱ्या दाढीवाल्या संताचा सण आला. वर्गात चिठ्ठ्या काढल्या. ज्याचं नाव निघेल त्याला भेट द्यायची. पण नुसती कागदात गुंडाळून दिली तर आमच्या लायडन गावात नाक कापलं जातं! भेट एखाद्या भल्यामोठ्या सोंगात लपवायची, सोबत स्वतः रचलेली कविता ठेवायची, आणि घेणाऱ्याने ती सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायची. नीन्केच्या चिठ्ठीत कोण निघावं? हॉफस्ट्रा बाई! सुटले बुवा! आता तोंड उघडायलाच नको, कविताच काय ते बोलेल!

तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या खोलीत तिने आईचा व्यायामाचा चेंडू टम्म फुगवला. त्यावर खळ लावून वर्तमानपत्रांचे थर चढवले, वाळल्यावर चेंडूतली हवा काढून तो तळाशी ठेवलेल्या भोकातून ओढून काढला, भेट आणि कविता आत टाकून भोक बुजवलं. वरून निळा रंग, आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत बाईंनी शिकवलेले सगळे शब्द: परीघ, जीवा, कंस, लंब, स्पर्शिका! असा देखणा गोल झाला की पृथ्वीने लाजून थोडं बाजूला सरकावं!

सणाच्या सकाळी तिने तो शाळेत न्यायला उचलला, आणि...

"बाबाऽऽ! दार लहान झालंय!"

बाबा दाढीचा साबण तोंडावर तसाच घेऊन धावत आले. "दार तीनशे वर्षं तेवढंच आहे, पोरी. तुझ्या गोलाचा व्यास किती?"

"नव्वद सेंटिमीटर! अगदी बिनचूक!"

"आणि दाराची रुंदी?"

नीन्केने पृष्ठफळ काढलं होतं, घनफळ काढलं होतं, खळ किती लागेल तेही काढलं होतं. दाराला मात्र कोणी काही विचारलंच नव्हतं.

"करवत आणू? मधोमध कापला की..."

"बाबा! मग तो गोल राहील का? दोन अर्धगोल होतील!"

"बरं बाई, मग खिडकी!"

आमच्याकडे जिने इतके अरुंद, की कपाटं, पलंग, पियानो, सगळं खिडकीतूनच ये-जा करतं. त्यासाठी तर घराच्या कपाळावर लोखंडी आकडा असतो! बाबांनी आकड्यावरून दोर ओवला, गोलाला गाठ मारली आणि तो बाहेर सोडला. खाली कालव्याच्या काठावर आई दोन्ही हात पसरून उभी.

"हळू सोड रे!"

"अगं, सोडू की हळू?"

"दोन्ही!"

तेवढ्यात वारा सुटला आणि गोल झुलू लागला. नीन्के खिडकीतून आनंदाने किंचाळली, "बाबा, बघा बघा! कंस काढतोय! दोर म्हणजे त्रिज्या!"

"त्रिज्या धरणाऱ्याचे हात सोलवटलेत, ते बघ!"

दुसऱ्या मजल्यावर कोबाकाकू खिडक्या पुसत होत्या. सणवार असो, युद्ध असो, त्यांच्या काचा लख्ख हव्यातच! काचेवर टकटक झाली म्हणून त्यांनी खिडकी उघडली, तर नाकासमोर निळंशार संकट, आणि त्यावर लिहिलेलं, 'स्पर्शिका'!

"स्पर्श करतोस मेल्या?" म्हणत त्यांनी लांब दांड्याचा ब्रश असा हाणला की गाठ सुटली आणि गोल थेट कालव्यात! धप्पाक!

बुडला का? छे! राजासारखा तरंगत निघाला. एक बदक लगेच उत्तर ध्रुवावर चढून बसलं. नीन्के जिना उतरली की घसरली, ते तिलाच ठाऊक; सायकल काढून काठाकाठाने सुटली. "थांब! अरे थांब ना!" मागे आई, तिच्या मागे अर्धी दाढी केलेले बाबा. पुलावरची माणसं टाळ्या वाजवायला लागली. त्यांना वाटलं, मिरवणूकच आहे!

नशीब एवढंच, की कालवा शाळेच्या मागूनच जातो. वर्गातल्यांनी खिडकीतून हा जलविहार पाहिला आणि एकच कल्ला केला. हॉफस्ट्रा बाई वरची तावदानं उघडायची लांब काठी घेऊन पाण्याच्या पायऱ्यांवर धावल्या, बदकाची माफी मागितली आणि गोल काठाला लावला. उचलायला गेल्या, तर त्याची लापशी! नीन्केसकट सगळं वर्गात आणलं. भेट पावाच्या प्लास्टिकच्या पिशवीत होती म्हणून वाचली. कवितेचा मात्र लगदा झाला होता. वाचता येत होता एकच शब्द, 'लंब'.

"कविता! कविता!" वर्गाने गिल्ला केला.

"ती बदकाने वाचली," बाई म्हणाल्या. "नीन्के, तूच सांग बघू, काय लिहिलं होतंस?"

नीन्केने छाती भरून श्वास घेतला. "बाई, गृहपा..."

"नाहीऽऽ!" सगळा वर्ग ओरडला.

तिने डोळे गच्च मिटले. "बाई, मला वाटायचं हे शब्द हुशार मुलांचे आहेत, माझे नाहीत. 'व्यास' म्हणताना मी चुकले, तेव्हा सगळे हसले, तुम्ही हसला नाहीत. तुम्ही चाक माझ्या हातात दिलंत. तेव्हापासून मला गणिताच्या तासाला रडू आलं नाही. बाई, थँक्यू."

झालं! एवढंच तर होतं! मसाल्याच्या बिस्किटांचा बकाणा भरलेला मागचा यूरेसुद्धा चावायचा थांबला. बाईंनी चष्मा पुसला, तो पुसलेलाच होता तरी पुन्हा पुसला, आणि पिशवी उघडली.

आत नीन्केने स्वतः विणलेले लोकरीचे हातमोजे! हाताच्या पाठीवर छानसं पांढरं वर्तुळ.

"सायकलवर तुमचे हात लाललाल होतात ना, म्हणून," नीन्के म्हणाली. आता तिची जीभ सुटली होती. "एकावर एक ठेवून पाहिले मी, बाई. बोटाला बोट जुळतं. अगदी एकरूप!"

बाईंनी एक डाव्या हातात चढवला. कातडीसारखा बसला! मग दुसरा हातात घेतला. उलटा केला. सुलटा केला. पुन्हा उलटा केला.

"एकरूप तर आहेत गं," त्या म्हणाल्या. "शंभर टक्के एकरूप. दोन्ही डावे आहेत."

वर्ग हसून बाकांखाली गेला! पण बाई म्हणजे बाई. त्यांनी तो डावा हातमोजा तस्साच उजव्या हातात ओढला, आणि तळव्यावरचं वर्तुळ सगळ्या गावाला दाखवत, हात हलवत सायकलवरून घरी गेल्या.

आणि नीन्केला तरी कशाला नावं ठेवायची? सममितीचा धडा नाताळच्या सुट्टीनंतर होता!