लॅपटॉप पूजेला बसतो

खंडे नवमीच्या सकाळी मी माझा लॅपटॉप पूजेत ठेवला, आणि तो स्वतःच्या हातानं ठेवला, हे आधीच कबूल केलेलं बरं. कारण नंतर आमच्या घरात या विषयावर बरीच चर्चा झाली आणि दर वेळी आई एकच वाक्य म्हणाली, "म्या कुठं मागितला हुता? त्यानंच आणून ठिवला."

झालं होतं असं, की आई देवापुढं हत्यारं मांडत होती. अण्णांचा कोयता, कुऱ्हाड, दोन विळे, तीन खुरपी. प्रतीक्षाचं बीपी मोजायचं यंत्र. (प्रतीक्षा म्हणजे माझी बायको. आरोग्य केंद्रात नर्स आहे. घरात सगळ्यांचं बीपी मोजते, माझं वाढवते.) शेवटी माझे पाने आणि पकड. पेपर वाचता वाचता अण्णा म्हणाले, "समद्यांची हत्यारं आली. पर ह्येचं खरं हत्यार कंचं म्हणायचं?"

पुण्याच्या कंपनीनं मला घरी पाठवलं त्याला आठ महिने झाले होते. जळकोटला आल्यापासून मी सकाळी नोकऱ्यांचे अर्ज भरत होतो आणि दुपारी गावातल्या गाड्या दुरुस्त करत होतो. तेव्हा हा प्रश्न मला जिव्हारी लागला. मी आत गेलो, लॅपटॉप आणला आणि कोयत्याशेजारी ठेवला. वर माझा स्कॅनरही ठेवला. हा काड्यापेटीएवढा असतो, गाडीच्या स्टिअरिंगखाली खोचला की गाडीचं काय दुखतंय ते मोबाइलवर सांगतो. (गावात मला 'लॅपटॉप मेस्त्री' म्हणतात. मी स्कॅनर लावून चाळीस मिनिटं आलेख बघतो, आणि तेवढ्यात कुणीतरी म्हातारा येऊन 'वायर निघालीय की रं' म्हणतो.)

आईनं लॅपटॉपला हळदीकुंकू लावलं, झेंडू वाहिला, उदबत्ती ओवाळली. मला भरून आलं. आठ महिन्यांत माझ्या कामाला घरात पहिल्यांदाच मान मिळाला होता.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. तोवर माझे चौदा ऑनलाइन इंटरव्ह्यू झाले होते. नवव्यात माझ्या पाठीमागून आमची म्हैस गेली, अकराव्यात म्हैस थांबली. शेवटी प्रतीक्षाच्या भावानं, रामहरीनं, मार्ग काढला. त्याचं तेरखेड्याला फटाक्यांचं दुकान आहे. दसरा झाला की मी तिथं गल्ल्यावर बसायचं, असं सासुरवाडीत परस्पर ठरलं. आता मी फटाक्याला किती भितो, हे तालुक्याला माहीत आहे. माझ्या वरातीत माळ लागली तेव्हा मी घोड्यावरून उतरून मंडपात जाऊन बसलो होतो. घोडा जागचा हलला नव्हता.

म्हणजे पंधरावा इंटरव्ह्यू हा माझा शेवटचा आसरा. बेंगळुरूची कंपनी, गाड्यांचे बिघाड दुरून ओळखायचं काम, घरी बसून करायचं. माझ्यासाठीच जन्माला आलेली नोकरी. इंटरव्ह्यू सोमवारी होता, म्हणून मी निर्धास्त होतो.

सव्वादहाला फोन वाजला. कंपनीच्या राजेश्वरी मॅडम. "मिस्टर भागवत, सोमवारच्या आत ही जागा भरायची आहे. आज साडेअकराला जमेल?"

"शुअर मॅडम," मी म्हणालो आणि देवघराकडे पळालो.

आई पाटाशेजारी पहाऱ्याला बसावी तशी बसली होती. "हात लावू नगंस. पूजेतलं हत्यार उद्या शिलंगणाला निघेस्तोवर हलवायचं न्हाय."

"आई, नोकरीचा प्रश्न आहे!"

"म्हणून तर पूजेला बसवलंय."

मी अण्णांकडे बघितलं. अण्णांनी पेपर डोळ्यांपुढं धरला.

राहिला मोबाइल. पण घरात नेटवर्क नाही. ते फक्त अंगणात येतं, आणि अंगणात मंडळाचा स्पीकर येतो. शांत जागा एकच, आमची जुनी गाडी. पण तिलाही हार घालून, केळीचे खुंट बांधून पूजेला उभं केलेलं. मी अण्णांना विचारलं, "नुसतं बसलं तर चालतंय का?"

अण्णांनी बराच विचार करून निकाल दिला. "बस. पंख्यापुरती चावी फिरीव. पर इंजन चालू करायचं न्हाय. चाक हललं की पूजा मोडली."

साडेअकराला मी काचा वर करून, पंखा लावून, मोबाइल चार्जिंगला जोडून, वर शर्ट-टाय आणि खाली बर्मुडा अशा वेशात गाडीत बसलो. राजेश्वरी मॅडम पडद्यावर आल्या.

"गुड. आता लॅपटॉप उघडा. एका गाडीचा डेटा पाठवते. बिघाड शोधून दाखवा."

"मॅडम, लॅपटॉप... देवापुढं आहे."

"अंडर रिपेअर?"

"नो मॅडम. अंडर पूजा."

त्यांनी खाली बघून काहीतरी लिहून घेतलं. चौदा इंटरव्ह्यूंच्या अनुभवानं सांगतो, हे लिहिणं मी ओळखतो. मला तेरखेडा दिसायला लागलं. आणि तेवढ्यात काचेवर धाडधाड थापा पडल्या.

मी काच खाली केली. बाहेर एक घामाघूम माणूस उभा. मागं रस्त्याच्या कडेला हारांनी मढलेली जीप, आत तुळजापूरला निघालेली आठ-नऊ माणसं आणि एक आजी. "सर, मी चन्नबसप्पा. गाडी बंद पडला. जळकोटात सगळा गॅरेज फिरला. कोण पाना हातात घेत नाही. समदे म्हणतेत, हत्यार पूजेत हाय!"

"माझीही पूजेतच आहेत," मी म्हणालो.

"मॅडमना हीच गाडी दाखवा की मग," मागून प्रतीक्षा म्हणाली. ती कधीपासून मागच्या काचेला कान लावून उभी होती कुणास ठाऊक. तिनं खिडकीतून हात घालून मोबाइल काढला आणि पडद्याकडे बघून सांगितलं, "मॅडम, त्यांना लॅपटॉपवरचं दाखवता येत नाही. खरी गाडी बघून बिघाड सांगितला तर चालेल का?"

मॅडमच्या भुवया वर गेल्या. "चालेल. फोन नीट धरा."

बर्मुड्याचं गुपित त्याच क्षणी बेंगळुरूला कळलं. पण आता मागं फिरणं नव्हतं. मी जीपचं बॉनेट उघडलं. आमच्याकडे बॉनेट उघडलं की जमिनीतून माणसं उगवतात. दोन मिनिटांत पंधराजण जमले आणि पंधरा बिघाड निघाले.

"डिझेल संपलंय."

"बॅटरी गेलीय."

"इंजनच बसलंय, इका आता."

हातात ना पाना ना स्कॅनर. मी आयुष्यात पहिल्यांदा गाडीच्या माणसाला प्रश्न विचारला. "बंद पडण्याआधी काय झालं?"

चन्नबसप्पा कानडीत सुटला. मला अक्षर कळेना. तेवढ्यात मोबाइलमधून मॅडमच कानडीत बोलायला लागल्या. दोघांचं सासर-माहेर जुळावं अशी पाच मिनिटं बोलणी झाली. मग मॅडम मला इंग्रजीत म्हणाल्या, "सकाळी गाडी धुऊन पूजा केली. नंतर हळूहळू जोर कमी झाला. काळा धूर आला. मग बंद."

धुतलेली गाडी. काळा धूर. मी जीपच्या तोंडाकडे बघितलं. समोर झेंडूचा मांडीएवढा जाड हार होता, पण त्याचा मधला भाग नुसता दोरा होता. फुलं कुठं गेली?

"गाडीला हवा मिळत नाही!" मी ओरडलो. एअर फिल्टरच्या डब्याला चिमटे असतात, ते बोटांनी निघतात, पाना लागत नाही. मी चिमटे काढले, झाकण उचललं, आणि आत ओल्या झेंडूच्या पाकळ्यांचा लगदा! अख्ख्या हाराचं पोट इंजिननं ओढून घेतलं होतं. मी फिल्टर काढून दगडावर आपटला. पाकळ्यांचा सडा पडला. फिल्टर झटकला, पुसला, परत बसवला.

"मार स्टार्टर!"

जीप दोनदा खोकली, तिसऱ्यांदा गरजली. आतल्या आजीनं 'आई राजा उदो उदो' केलं, पंधराही तज्ज्ञांनी 'म्या म्हणलंच हुतं' केलं, आणि चन्नबसप्पानं मला अक्षरशः उचललं. प्रतीक्षानं मोबाइल माझ्यापुढं धरला. मॅडम हसत होत्या.

"मिस्टर भागवत, आज चार जणांनी लॅपटॉपवर बिघाड शोधले. कुणी ड्रायव्हरला एक प्रश्न विचारला नाही. संध्याकाळपर्यंत लेटर पाठवते. फक्त," त्या थांबल्या, "व्हिडिओ मीटिंगला फुल पँट."

मला काय वाटलं ते कसं सांगू? आठ महिन्यांचं ओझं उतरलं. अण्णांनी सगळ्या गर्दीसमोर माझ्या पाठीवर हात ठेवला आणि नाक शिंकरलं. आई लॅपटॉपला पुन्हा हळदीकुंकू लावायला आत पळाली. संध्याकाळी लेटर आलं. मी गावभर पेढे वाटत हिंडलो. जाताना प्रतीक्षानं विचारलं होतं, "अहो, गाडीची चावी बंद केलीत ना?"

"गाड्यांचं मला सांगू नकोस आता," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दसरा. शिलंगणाला गावच्या शिवेबाहेर गाडीतूनच जायचं, असं अण्णांनी जाहीर केलं. फेटा बांधून ते पुढं बसले, आई मागं. मी फुल पँटवर टाय लावून ऐटीत चावी फिरवली. टिक. परत फिरवली. टिकसुद्धा नाही. पंखा रात्रभर फिरून केव्हाच थांबला होता.

गर्दी जमलीच. "मेस्त्री, स्कॅनर लावा की!" कुणीतरी ओरडलं. पूजेतून उठलेला स्कॅनर मी खोचला. मोबाइलवर आलं: 'गाडी सापडत नाही.' मी गाडीतच बसलो होतो.

प्रतीक्षानं दार उघडलं, मला खाली उतरवलं आणि स्वतः स्टिअरिंगवर बसली. "दुसरा गिअर टाकते. ढकला."

मी एकटाच ढकलत होतो. (इंजिनिअरचा मान म्हणून बाकीचे बाजूला उभे होते.) गाडी हातभर सरकायची आणि थांबायची. अण्णा खिडकीतून डोकं काढून म्हणाले, "लाव की जरा जोर, काल तर कंपनी हलीवलीस!"

आणि नेमका त्याच वेळी रामहरी तेरखेड्याहून पोहोचला. दाजींना नोकरी लागल्याचा आनंद त्याला आवरेना. मला कल्पनाही न देता त्यानं माझ्या बरोब्बर मागं दहा हजारांची माळ पेटवली.

पुढचं मला नीट आठवत नाही. बघणारे सांगतात की मी किंचाळलो आणि गाडी एका दमात वडाच्या पारापर्यंत ढकलत नेली. तिथं इंजिन सुरू झालं.

ते सुरू झालं, पण गाडी थांबली नाही. बॅटरी उतरलेली गाडी एकदा चालू झाली की मधे थांबवायची नसते, हे प्रतीक्षाला मीच शिकवलं होतं. अण्णांचा फेटा वळणावर दिसेनासा झाला, आणि मी टाय सरळ करून शिवेकडं चालायला लागलो.