तीनदा वाचा, मॅडम

मन्मथअप्पांकडे अडलेली कमांड घेऊन जाणाऱ्याला आधी शाळेतल्यासारखं प्रकट वाचन करावं लागतं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर तळाशी तक्रारीची जी इंग्रजी ओळ उमटते, ती मोठ्यानं, तीन वेळा. "पहिल्यांदा माणूस चिडून वाचतो. दुसऱ्यांदा नुसतं वाचतो. तिसऱ्यांदा त्याला ऐकू येतं," असं अप्पांचं म्हणणं.

अप्पा आमच्या लातूरच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन आहेत. मूळचे उदगीरचे. अर्धं आयुष्य हातानं नकाशे काढले आणि पन्नाशीत कॉम्प्युटरवर नकाशे काढायचं कॅड शिकले. सॉफ्टवेअरला कुणी शिव्या घातल्या की ते दुखावतात. "ते खोटं बोलून न्हाई राहिलं. आपणच ऐकून न्हाई राहिलो."

निलंग्याच्या एका इंजिनिअरनं चालत्या एसटीतून त्यांना फोन केला. मांडीवर लॅपटॉप. अप्पांनी त्यालाही 'कमांड फेल्ड' ही ओळ तीनदा वाचायला लावली. तिसऱ्या खेपेला शेजारच्या आजीबाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "फेल झालं तर झालं लेकरा, पुन्हा बस परीक्षेला."

एकदा नांदेडच्या एका ऑफिसातला अख्खा नकाशा गायब झाला. पडदा कोरा. तिकडच्या साहेबांनी नवीन काढायला घेतला होता. अप्पांनी फोनवरच सांगितलं, "नकाशा हाय तिथंच हाय. तुमच्या हातून एक ठिपका लई लांब पडलाय. बंगला नांदेडात अन् ठिपका हैदराबादेत. दोन्ही एकदम दाखवायचं म्हणल्यावर बंगला मुंगीएवढा दिसणारच." ठिपका पुसला आणि बंगला परत आला. ही गोष्ट मी आजवर निदान वीस जणांना सांगितली असेल, आणि दर वेळी 'आमचे अप्पा' असंच म्हटलंय.

गेल्या पावसाळ्यानंतर आमच्याकडे किनवट भागातल्या मुलींच्या वसतिगृहाचं काम आलं. नकाशा चार वाजेपर्यंत पाठवायचा होता आणि दुपारी एकला माझी हॅचची कमांड अडली. हॅच म्हणजे भिंतींच्या आत तिरक्या रेघा भरणं. कितीही वेळा केलं तरी उत्तर एकच, हद्द बंद नाही. मला तर सगळ्या भिंती घट्ट मिटलेल्या दिसत होत्या.

अप्पा शेजारी येऊन बसले. "वाचा, मॅडम."

मी तीनदा वाचलं. आमच्या आर्किटेक्ट सरांनी घड्याळाकडे पाहिलं.

"हद्द बंद न्हाई म्हणतंय, म्हणजे कुठंतरी फट हाय. अर्धा नकाशा घ्या, त्यात भरून बघा. भरलं तर फट दुसऱ्या अर्ध्यात. मग त्याचा अर्धा."

अर्ध्याचा अर्धा करत आम्ही मागच्या टोकाला, न्हाणीघर-संडासाच्या कोपऱ्यावर पोचलो. तो कोपरा मोठा करत नेला तेव्हा दोन रेघा दिसल्या, एकमेकींपासून केसाएवढ्या लांब. जोडल्या. भिंती भरल्या. अडीच वाजले होते. सरांनी स्वतः चहा सांगितला.

अप्पा मात्र उठले नाहीत. त्याच कोपऱ्याकडे बघत होते.

"मॅडम, मुलींच्या खोलीपासून संडास किती लांब हाय, मोजा बरं."

मोजलं. तीस मीटर, आणि वाट उघड्या अंगणातून वळसा घालून.

"सर," अप्पा म्हणाले, "मधल्या सामानखोलीला दोन्हीकडून दार द्या. पोरी आतूनच जातील."

"अप्पा, चारला पाठवायचंय. नियमात बसतंय ना सगळं?"

"नियमात बसतंय. माझी गौरी दोन वर्षं असल्याच वसतिगृहात होती. रात्री अंगणात जायची भीती, म्हणून संध्याकाळपासून पाणीच प्यायची न्हाई. दुखणं लागलं तवा मी म्हणलो, पोरीला तिथलं पाणी मानवत न्हाई. खरं काय ते तिनं लग्नानंतर सांगितलं. ती तिथं होती तवा मी ऑफिसात लोकांच्या घरांची दारं-खिडक्या कागदावर काढून राहिलो होतो."

सर खुर्ची ओढून माझ्या पलीकडे बसले आणि सामानखोलीची मापं सांगू लागले. सामानासाठी जिन्याखाली जागा निघाली. चारला दहा मिनिटं कमी असताना नकाशा गेला. त्यात दोन दारं जास्त होती.

थोड्या वेळानं व्हरांड्यात अप्पा फोनवर बोलताना दिसले. गौरी हुबळीला असते.

"काय करून राहिलीस? ... जेवलीस का? ... न्हाई गं, सहजच केला."

एवढं बोलून ते फोन ठेवायला निघाले. मला राहवलं नाही. मी त्यांच्या हातून फोन घेतला आणि गौरीला त्या दोन दारांचं सगळं सांगितलं.

ऐकून ती म्हणाली, "ताई, अप्पांना द्या जरा."

मी फोन परत दिला. अप्पा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. ती काय बोलत होती ते मला ऐकू आलं नाही. अप्पा मध्येमध्ये नुसतं "हाव" म्हणत होते.