सत्तर ग्रॅमांची मोहीम

अखंडित-वायफाय-अलंकृत राजमान्य राजश्री थोरले चिरंजीव, मुक्काम परदेश, यांचे सेवेशी सेवकाचा दंडवत. आपण फोनवरून आज्ञा केली की, तीर्थरूपांच्या मांड्यांतून गेलेले बळ माघारी कैसे आले त्याचे वर्तमान साद्यंत ल्याहावे, कारण आपण पाठविलेल्या बावीस व्हिडिओंपैकी कोणता लागू पडला हे जाणावयाची आपणांस उत्कंठा. ऐसीयास, कोणताच पडला नाही. जे घडले ते लिहितो.

तीर्थरूप, म्हणजे अखंडित-पेन्शन-अलंकृत ड्रिलमास्तर, यांनी छत्तीस वर्षे शाळेच्या मैदानावर अंमल केला. एक शिटी वाजली की सहाशे पोरे उभी आणि दुसरी वाजली की सहाशे बसती, ऐसा दरारा. त्यांचे एकाहत्तरावे वर्षी खुब्याचे हाड मोडले, आणि शस्त्रक्रिया होऊन सांधलेही, परंतु तीन महिने बिछान्यावर चहा आणि टोस्ट इतुकीच रसद पोटात गेली, तेणेकरून मांड्या वाळोन काठ्या जाहल्या. घरात आपल्या मातोश्री, म्हणजे जावयांच्या सासूबाई, आपली भगिनी आणि जावई. हे जावई वजनकाट्यावर मालमोटारी तोलणारे कारकून, आठ वर्षे सासऱ्यांचेच घरी राहात आलेले. आणि त्या आठ वर्षांत उभयतांचे बोलणे म्हणजे 'पेपर झाला का?' आणि 'झाला', याउपर गेले नव्हते.

मग एके सकाळी बायका बाजारात गेल्या असता न्हाणीघरातून अर्धा तास चाहूल येईना. जावयांनी दार ठोठावले, आणि कडी लाविली नव्हती म्हणोन आत गेले, तो मास्तर स्टुलावर, टॉवेल गुंडाळलेले, एक हात नळावर, ओठ थंडीने निळे.

"उठता येत नाहीये हो," मास्तर म्हणाले. "हिला सांगू नका."

जावयांनी काखेत हात घालोन उचलिले. वीस वीस टनांच्या गाड्या तोलणारा तो माणूस, त्याच्या हातांस जे वजन लागले ते इतुके थोडे की त्याचे काळीज चरकले.

दुसरे दिवशी फिजिओथेरपीच्या बाई आल्या आणि त्यांणी फर्मान काढिले की, रोज सत्तर ग्रॅम प्रथिन पोटात गेलेच पाहिजे, मास्तरांच्या हृदयात स्टेंट असल्याकारणे चरबी वर्ज्य, व्यायाम रोज, आणि सहा हप्त्यांनी खुर्चीतून हात न टेकता पाच वेळा उठोन दाखवावे, न जाहल्यास न्हाणीघरात कायमचा माणूस नेमावा. मास्तर हे ऐकोन भिंतीकडे तोंड करोन निजले.

घराण्यात मांस शिजत नव्हते, अंडेही नव्हते. आपला खलिता आला की प्रथिनाच्या पावडरीचा डबा आणावा. जावई औषधांचे दुकानी गेले, डब्याची किंमत वाचिली, दोन पावले मागे सरले, आणि डबा होता तेथेच अदबीने ठेविला.

मग स्वयंपाकघरात मसलत बसली. जावयांनी छोटा काटा मांडिला. पनीर आणि शेंगदाणे हे बलवान सरदार प्रथम हाजिर जाहले, परंतु त्यांचे मागे चरबीचा लवाजमा फार, सबब मानाने निरोप दिला. मग सोयाबीनच्या वड्या आल्या, दिसावयास बुटाच्या तळव्याचे तुकडे, परंतु तेल आधीच काढलेले, शंभर ग्रॅमांत बावन्न ग्रॅम प्रथिन, आणि मोल मातीचे. त्यांस सेनापतिपद दिले. मसूरडाळ आणि साय काढलेले दूध कुमकेस नेमिले.

पहिल्याच दिवशी जावयांनी उतावीळपणे शंभर ग्रॅम वड्या एके वेळी ताटात उतरविल्या. सायंकाळी किल्ल्याच्या आतूनच तोफा सुरू जाहल्या. सासूबाईंनी दिवाणखाना सोडोन गॅलरीत मुक्काम केला, आणि खालच्या मजल्यावरून विचारणा आली की, कपाटे सरकवता काय? पहिली स्वारी शिकस्त खाऊन फिरली.

मग वड्यांचे प्रमाण उतरविले, आणि पुढील चार दिवस मास्तरांचे ताट लखलखीत परत येऊ लागले. जावई हर्षभरित होऊन तक्त्यावर आकडे मांडीत. पाचवे दिवशी सासूबाई धुणे काढीत असता मास्तरांच्या स्वेटरचे खिशातून अकरा वड्या निघाल्या, वाळोन खडे जाहलेल्या.

"अहो, शाळेत पोरांचे खिसे तपासायचात ना तुम्ही?" सासूबाई कडाडल्या. "लाज नाही वाटत?"

जावयांनी तक्ता बाजूस ठेविला, आणि आठ वर्षांत प्रथमच मास्तरांच्या बिछान्याच्या काठावर बसले.

"चव आवडत नाही का, बाबा?"

"चवीचं काय घेऊन बसलात," मास्तर म्हणाले. "माझ्या एकट्यासाठी वेगळं भिजवायचं, वेगळं शिजवायचं, मोजायचं. कामावरून दमून येता तुम्ही. माझे असे किती दिवस राहिलेत?"

"ते मला नाही माहीत. पण तुम्हाला त्या दिवशी उचललं ना, तेव्हा हाताला काही लागलंच नाही. पुन्हा असं उचलायची वेळ आणू नका माझ्यावर."

मास्तर कूस पालटोन जावयांकडे वळले.

"वेगळं शिजवू नका मग," ते म्हणाले. "सगळे खात असाल तर खातो."

ऐसा तह जाहला, आणि कलमे ठरली ती ऐसी की, वड्या चाळीस ग्रॅम, उकळोन, दोनदा पिळोन, बारीक चिरोन डाळीतच मिसळाव्या; सायविरहित दुधाचे दही फडक्यात टांगोन घट्ट करावे; दूध दोन वेळा; आणि जे मास्तरांस तेच चौघांस. तोफखाना मग चौघांचाही सुरू जाहला, तेणेकरून एकट्याची लाज राहिली नाही. आणि मास्तर रोज सकाळी खुर्चीपाशी झुंजू लागले, प्रथम दोन हात टेकोन, मग एक, मग दोन बोटे. जावई समोर उभे राहात आणि काही बोलत नसत, कारण शाबासकी दिली की मास्तर चिडत.

सहा हप्ते भरले, आणि बाई घड्याळ घेऊन आल्या. बिनहातांची खुर्ची भिंतीस लाविली. मास्तरांनी हात छातीवर बांधिले आणि उठले, बसले, उठले, बसले. तिसऱ्यास श्वास लागला. चौथ्यास गुडघे लटपटले आणि सासूबाईंनी हात पुढे केला, तो मास्तरांनी ऐसी नजर टाकिली की हात जागचे जागी थिजला. मग पाचव्यास मान लाल जाहली, पावले जमिनीत रुतली, आणि मास्तर इंचाइंचाने वर आले.

"झालं, आजोबा!" बाई म्हणाल्या. "बसा आता."

"बसायला सांगू नका हो," मास्तर म्हणाले. "जरा उभा राहतो."

जावई स्वयंपाकघरात गेले आणि विनाकारण नळ सोडोन भांडी विसळू लागले.

सबब दप्तरी दाखल व्हावे की, पाच वेळा, हात न टेकता, एकोणीस सेकंदांत फत्ते जाहली. आणि फत्ते जाहलियावर मास्तर खिडकीशी उभे राहिले ते बाईंचा चहा पिऊन संपेतो बसले नाहीत. लेखनसीमा.