यातना-सन्मान पदक, वर्ग पहिला

दुःख जुनं झालं की त्याचा सत्कार करावा लागतो, नाहीतर ते बोलू लागतं. आमच्या शासनाला हे कळतं, म्हणून तर ते शासन आहे.

आमचं गाव कझाक माळावर. पूर्वी जिथे बॉम्बच्या चाचण्या होत, त्या कुंपणाला लागून. (कुंपण चाचण्या संपल्यावर घातलं. आधी घातलं असतं, तर लोकांना उगाच शंका आली असती.) गावाने कितीतरी वर्षं डॉक्टर मागितला. शासनाने सखोल विचार केला: एक डॉक्टर कुणाकुणाला पुरणार? पदकं मात्र माणशी एक देता येतात.

शाळामास्तर म्हणून स्वागताध्यक्ष मीच होतो. पदकाचा पहिला वर्ग मृतांसाठी होता. पण पदक स्वतः हजर राहून घ्यायचं असल्याने त्या वर्गाची उपस्थिती निराशाजनक राहिली. दुसऱ्या वर्गात आम्ही.

बिबिजार अपा, म्हणजे बिबिजार आजी, गाय चारून तशीच समारंभाला आली, गायीचं दावं हातात धरून. नवरा आणि दोन मुलगे याच माळाने नेलेली म्हातारी. पदकं वाटायला शासनाने पाठवलेल्या येर्मुखान साहेबांनी अदबीने तिच्या कोटावर पदक टोचलं.

"डॉक्टर कधी यायचा रे बाळा?"

"अपा, आज आनंदाचा दिवस. त्याचं मागाहून बघू."

"बरं. मग हिलाही एक दे."

"गायीला?"

"हेच गवत खाल्लंय तिनं, हेच पाणी प्यायलीय. आणि मी निदान डॉक्टर तरी मागते. ही काहीच मागत नाही. असा नागरिक तुला मिळायचा नाही."

साहेब कर्तव्यदक्ष. गायीने सोसलं होतं, ती हजर होती आणि तिची तक्रार नव्हती. दुसऱ्या वर्गाची पदकं संपली होती, म्हणून त्यांनी पहिल्या वर्गातलं एक तिच्या गळ्यात बांधलं.

अपाने त्यावरचं नाव बोटाने चाचपलं. "हे आमच्या ह्यांचं," ती म्हणाली. "असू दे. हिच्या आईचं दूध तेच काढायचे."

त्यावर टाळ्या वाजवायच्या की नाही हे कुणाला कळेना. मी वाजवल्या.

गायीचा फोटो राजधानीतल्या पेपरात आला. देश हळहळला. आठवड्यात डॉक्टर आला. गुरांचा. भला माणूस, गाय तपासून झाल्यावर त्याने अपाच्या छातीलाही नळी लावली. मग सारा गाव गायीमागे रांगेत उभा राहिला. मीही.

अजून पत्रं येतात. सगळ्यांना गायीचं नाव हवं असतं. तुम्हालाही विचारावंसं वाटलं असेल. अपाच्या मुलांची नावं काय होती, हे मात्र कुणीच विचारत नाही.