‘बघू’ न म्हणणारं घड्याळ

दुसऱ्याच्या मनगटावर जे आहे ते आपल्या मनगटावर असता कामा नये, हे स्टायलिस्टने घड्याळाचा विचार डोक्यात आला त्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. स्टायलिस्ट म्हणजे कोपऱ्यावरच्या सलूनचा मालक. दुकानाच्या पाटीवर त्याने स्वतःच ‘हेअर स्टायलिस्ट’ असं रंगवून घेतलं होतं, आणि ‘कटिंगवाला’ म्हणणाऱ्याला तो इतका वेळ समजावत बसे, की शेवटी कंटाळून सगळ्या गल्लीने त्याचं म्हणणं मान्य करून टाकलं. तेव्हापासून बायको सोडून सगळे त्याला स्टायलिस्ट म्हणत. बायको ‘अहो’ म्हणे.

गल्लीत ज्याच्या त्याच्या हातावर तेच ते काळं चौकोनी स्मार्टवॉच. इस्त्रीवाल्याच्या हातावर तेच, डॉक्टरांच्या हातावर तेच, सख्ख्या मेव्हण्याच्या हातावरही तेच! खुर्चीत बसलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला स्टायलिस्ट ऐकवायचा, की मी दोन माणसांचे केस सारखे कापत नाही, मग मी सगळ्यांसारखी पाटी हातावर का बांधू? मानेशी वस्तरा असल्यामुळे आजवर कुणी वाद घातला नव्हता.

मग त्याने शोध सुरू केला. एक घड्याळ बांगडीसारखं होतं, ते बायको म्हणाली मला घ्या. एक अंगठीत मावणारं होतं, पण शाम्पू करताना ते गिऱ्हाइकाच्या केसांत राहिलं असतं. एकाचा पट्टाच उजळायचा, आणि ते घालून माणूस लग्नाच्या मांडवासारखा दिसायचा. अखेर कुठल्याशा लहान कारखान्यात दोघा भावांनी बनवलेलं एक घड्याळ त्याच्या मनात भरलं. अक्रोडाच्या लाकडाची तबकडी, तांब्याची कड, दोन बारीक काटे आणि आकडा एकही नाही. स्क्रीनच नव्हती. फोनवर कुणाचा मेसेज आला की कडेवर एक ठिपका उजळायचा. बायकोचा हिरवा, सासूबाईंचा जांभळा, दुकानाच्या मालकीणबाईंचा लाल, बाकी जगाचा पांढरा.

आणि उत्तर द्यायला फोन हातात घ्यायला नको. मनगट पटपट दोनदा फिरवलं की ‘हो’. हात वर करून स्थिर धरला की ‘नाही’. दिवसभर हात ओले असणाऱ्या माणसाला याहून सोयीचं काय असणार? उत्तराचे शब्द आपणच लिहून ठेवायचे होते. नुसतं ‘हो’ तुटक वाटतं म्हणून स्टायलिस्टने ‘हो, नक्की’ असं लिहिलं. सभ्यपणा अंगात असला की तो असा कुठेही बाहेर येतो.

आता त्याच्याबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. स्टायलिस्टने जन्मात कधी कुणाला सरळ ‘हो’ म्हटलं नव्हतं. ‘नाही’ही म्हटलं नव्हतं. तो ‘बघू’ म्हणे. बायकोने जुना सोफा काढून टाकू का विचारलं, बघू. शेजारच्या शिंप्याने जास्तीचं शिलाई मशीन तुझ्या कोपऱ्यात ठेवू का विचारलं, बघू. सासूबाई एकट्या राहायच्या, गुडघे कुरकुरायचे, तिसऱ्या मजल्यावरचं घर. त्या अधूनमधून विचारत की जावईबापू, मी तुमच्याकडेच येऊन राहू का. त्यावरही बघू. लग्न ठरताना मुलगी पसंत आहे का, याला तो बघूच म्हणाला होता. वडिलांनी डोळे वटारले म्हणून संसार झाला. घड्याळात ‘बघू’साठी खूण नव्हती, हे मात्र त्याच्या ध्यानातच आलं नाही.

पहिल्याच सकाळी दुकानात रांग लागली होती. स्टायलिस्टने फोन मागच्या फळीवर ठेवला आणि कामाला लागला. घड्याळ सगळ्यांना दाखवून झालं. कडेवर ठिपके उजळत होते, त्यांच्याकडे बघून तो ऐटीत सांगायचा, की हे लोक थांबतील, सवडीने उत्तर देईन.

कात्री चालवताना त्याची एक लकब होती. चारदा कात्री चालली की कंगव्यात अडकलेले केस झाडायला तो मनगट पटपट दोनदा फिरवायचा. वस्तादाने शिकवलेली ती लकब त्याच्या हातात इतकी मुरली होती, की आपण असं काही करतो हे त्याला स्वतःला ठाऊक नव्हतं. उत्तर गेलं की घड्याळ मनगटाला हलकेच गुदगुल्या करायचं. पण ज्याच्या हातात दिवसभर केस कापायचं मशीन घरघरतं त्याला त्या गुदगुल्या काय कळणार!

दुपारी रांग सरली आणि शिंपी आला. त्याच्या मागे दोन हमाल, आणि हमालांच्या मध्ये शिलाई मशीन. तू इतक्या पटकन मान्य करशील असं वाटलं नव्हतं, असं म्हणत शिंप्याने त्याला मिठीच मारली. स्टायलिस्ट सवयीने ‘बघू’ म्हणेपर्यंत मशीन कोपऱ्यात बसलं होतं. तेवढ्यात दोन घरं सोडून राहणाऱ्या बाई आपलं झिपरं कुत्रं घेऊन आल्या आणि याचे केस कापाल म्हणालात ना, म्हणून बाकावर बसल्या. कुत्रंही बाकावर बसलं. मग मेव्हणा आला, खिळ्याला लावलेली स्कूटरची किल्ली उचलली, दाजी तुमच्यासारखा माणूस नाही असं म्हणाला आणि गेला. स्टायलिस्ट दारापर्यंत धावला तर स्कूटर वळणावर दिसेनाशी होत होती.

तेव्हा त्याने फोन पाहिला.

शिंप्याला ‘हो, नक्की’. कुत्रेवाल्या बाईंना ‘हो, नक्की’. मेव्हण्याला, बायकोच्या सोफ्याला, बायकोच्या पडद्यांना, कुठल्याशा अनोळखी विमा एजंटलाही ‘हो, नक्की’. आणि मग मालकीणबाईंचा मेसेज. मालकीणबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी शुद्ध आणि स्वच्छ लिहिलं होतं: ‘छत गळतं, दुरुस्त होत नसेल तर मी जागा सोडतो, असं तुम्ही मागे रागाने म्हणाला होतात. एक चष्मेवाले जागा मागत आहेत. तुम्ही खरोखर दुकान सोडत आहात का? विचार करून उत्तर द्यावे.’ खाली उत्तर होतं, ‘हो, नक्की.’ विचार करायला घड्याळाने कंगवा झाडण्याइतकाच वेळ घेतला होता.

स्टायलिस्टने दुकानभर नजर फिरवली. हे दुकान वस्तादाने त्याच्या हवाली केलं होतं. ही खुर्ची, हा आरसा, आरशात दिसणारी ही गल्ली. इथल्या पोरांचं जावळ त्याने काढलं होतं आणि त्याच पोरांच्या लग्नाआधीच्या दाढ्याही केल्या होत्या. दुसरीकडे कुठे जाऊन तो कुणाचा स्टायलिस्ट होणार होता? त्याला अगदी रडू येईल असं वाटलं. त्याने बाईंना फोन लावला. घंटी दारातच वाजली.

मालकीणबाई आल्या होत्या, आणि त्यांच्यासोबत मोजपट्टी घेतलेले चष्मेवाले गृहस्थ. त्यांनी आत येताच भिंत मोजायला सुरुवात केली आणि आरसा निघाला की इथे फ्रेम छान दिसतील असं म्हणाले.

“बाई, मी दुकान सोडत नाहीये,” स्टायलिस्ट म्हणाला.

“लेखी सोडलंय तुम्ही,” बाई शांतपणे म्हणाल्या. “नुसतं हो असतं तर मी पुन्हा विचारलं असतं. तुम्ही पुढे नक्की असं लिहिलंत. तुमच्याकडून तो शब्द मी कधी ऐकला नव्हता, म्हणून तर मला पटलं.”

“ते मी नाही, या घड्याळाने लिहिलंय.”

बाईंनी उभ्या आयुष्यात ‘वही घरी राहिली’ हे वाक्य इतक्या पोरांकडून ऐकलं होतं, की त्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. त्या म्हणाल्या, मी या गृहस्थांना शब्द दिला आहे, आणि शब्द फिरवायची मला सवय नाही. स्टायलिस्टने मनगट फिरवून दाखवलं. काहीच झालं नाही, कारण उत्तर द्यायला नवा मेसेजच आलेला नव्हता. त्याने आणखी जोरात फिरवलं. झिपरं कुत्रं भुंकलं. चष्मेवाले एक पाऊल मागे सरले.

तेवढ्यात दारात टॅक्सी थांबली आणि सासूबाई हातात पिशवी घेऊन उतरल्या. सासूबाईंनी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केली होती. इकडची तार तिकडे लागली की कोण कुणाशी काय बोलून बसतं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसेल. उंबऱ्यात उभ्या राहून त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग मालकीणबाईंना म्हणाल्या, “बाई, तुमचा फोन काढा. यांना असं काही विचारा, ज्याला हे मेले तरी हो म्हणणार नाहीत. आणि तुम्ही, जावईबापू, या पाहुण्यांचे केस कापायला घ्या.”

चष्मेवाले म्हणाले, मी मोजमाप घ्यायला आलोय, केस कापायला नाही. सासूबाईंनी त्यांना बसा म्हटलं आणि ते बसले. त्या आवाजाने पूर्वी मोठमोठे साहेब लाइनवर ताटकळत थांबायचे.

स्टायलिस्टने कात्री उचलली आणि हात आपल्या कामाला लागले. मालकीणबाईंनी चष्मा नाकावर सरकवून काहीतरी लिहिलं. घड्याळाच्या कडेवर लाल ठिपका उजळला. चारदा कात्री चालली, कंगवा झाडला गेला, आणि बाईंच्या हातातला फोन किणकिणला.

बाईंनी मोठ्याने वाचलं. “मी विचारलं, तुम्हाला केस कापता येत नाहीत हे खरं आहे का. उत्तर आलंय, हो, नक्की.”

खुर्चीतले चष्मेवाले ताडकन उठू लागले. डावी बाजू कापून झाली होती आणि उजवी तशीच होती, म्हणून मुकाट्याने पुन्हा बसले.

बाई शिस्तीच्या. एका उदाहरणाने सिद्ध होत नाही म्हणाल्या आणि पुन्हा लिहिलं. पुन्हा कंगवा झाडला गेला, पुन्हा फोन किणकिणला. या वेळी वाचताना मात्र बाईंच्या ओठांची कड जराशी वर गेली. त्यांनी विचारलं होतं, छत असंच गळकं राहिलं तर चालेल ना, आणि घड्याळाने त्यालाही बिनशर्त होकार दिला होता.

“हे उत्तर खरं धरायला मला आवडलं असतं,” बाई म्हणाल्या. मग त्यांनी चष्मेवाल्यांना सांगितलं की मला माफ करा, जागा रिकामी नाही. माझ्याच हातून घाई झाली. छताचं काम या महिन्यात करून देते असंही त्या स्टायलिस्टला म्हणाल्या.

स्टायलिस्टच्या छातीवरून जणू कुणी पाट्याची शिळा उचलली. तो इतका हलका झाला की चष्मेवाल्यांची उजवी बाजू त्याने डावीपेक्षाही सुंदर कापली आणि मग डावी पुन्हा तिच्या बरोबरीला आणली. चष्मेवाल्यांनी आरशात बराच वेळ पाहिलं. इथे फ्रेम नसतील तेच बरं, असं काहीसं पुटपुटून ते पुढच्या महिन्याची वेळ ठरवून गेले. त्याच आनंदात स्टायलिस्टने कुत्र्याचेही केस कापले. कुत्र्याला डोळे आहेत हे त्याच्या मालकिणीला तेव्हा कळलं. शिंप्याच्या मशीनलाही तो ‘असू दे’ म्हणाला.

सगळे गेले, तेव्हा दुकानात तो आणि सासूबाईच उरल्या. त्याने त्यांना गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः बाकावर बसला. तुम्ही नसतात तर आज मी रस्त्यावर आलो असतो, असं तो अगदी मनापासून म्हणाला. मग त्याने विचारलं, “पण तुम्हाला कळलं कसं?”

“लेकीचा फोन आला होता. म्हणाली, आई, हे सकाळपासून सगळ्याला हो म्हणतायत, बरं नाही का त्यांना? मी विचारलं, नवीन काय आणलंय? तिने घड्याळाचं सांगितलं, हात कसा फिरवायचा तेही सांगितलं. तुम्ही कंगवा कसा झाडता ते मी कितीदा पाहिलंय. मग काय राहिलं कळायचं?”

स्टायलिस्टने मान डोलावली. आणि डोलावता डोलावता थांबला. फोनवर सासूबाईंचाही मेसेज होता, हे त्याला आता आठवलं. राहायला येऊ का, असा. त्याच्याही खाली ‘हो, नक्की’ होतं.

“म्हणजे तुम्ही मला विचारलंत ते...”

“फोन झाल्यावर,” सासूबाई म्हणाल्या. “इतकी वर्षं तुम्हाला विचारतेय. म्हटलं, आज घड्याळ हो म्हणतंय, तर त्यालाच विचारून घ्यावं.” त्या जराशा हसल्या, आणि मग पिशवीचे बंद चाचपत राहिल्या. “पण मला फसवून यायचं नाहीये. तुम्ही सांगा.”

स्टायलिस्टच्या जिभेवर तो नेहमीचा शब्द आला. अगदी दातांपर्यंत आला. त्याने पाहिलं, सासूबाई वर बघत नव्हत्या. उत्तर काय असणार हे पाठ असल्यासारख्या त्या बसल्या होत्या. त्याला स्वतःची लाज वाटली.

“या,” तो म्हणाला. “आजच या. नाहीतरी सोफा गेलाय, जागाच जागा आहे घरात.”

सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मग उठून दारात गेल्या आणि बाहेर हात केला. टॅक्सी अजून तिथेच उभी होती. त्यांनी तिला थांबवून ठेवलं होतं, नकार आला तर परत जायला. स्टायलिस्ट मदतीला बाहेर आला आणि पाहतो तर मागची सीट गाद्यांनी भरलेली, पुढच्या सीटवर तुळतुळीत पितळी हंडा आणि टपावर दोरखंडाने बांधलेली भली मोठी लोखंडी ट्रंक.

“राहणार ना आजी इथेच?” ड्रायव्हरने स्टायलिस्टला हळूच विचारलं.

“हो,” स्टायलिस्ट म्हणाला.

“नक्की?”

“नक्की.”

ड्रायव्हरने केवढा तरी मोठा श्वास सोडला. ती ट्रंक त्याने एकट्याने तीन मजले उतरवून आणली होती.