हिरव्या पानाचा डिंक

एका जंगलात, बाळांनो, सगळ्यांकडे मोबाइल होते. वाघाकडे होता, सशाकडेही होता. वाघ कुठून निघाला हे सशाला आधीच कळायचं, त्यामुळे वाघ जरा वाळला होता. ते असो. आपली गोष्ट वाघाची नाही, एका साळिंदराची आहे.

साळूआक्का डोहाकाठच्या बिळात राहायची आणि मोबाइल दुरुस्त करायची. हत्यारं तिच्या पाठीवरच होती. बारीक काट्याने चार्जिंगच्या भोकातली माती काढायची, जाड काट्याने मागचा स्क्रू फिरवायचा, फुगलेली बॅटरी बदलायची. अस्वलाचा मोबाइल तिने नऊ वर्षं चालता ठेवला होता, आणि तोही मधाने बरबटलेल्या हातात.

जंबूशेठ कोल्ह्याला हे आवडत नसे. तो मोबाइल बनवायचा आणि त्याचे मोबाइल बरोबर दोन पावसाळे चालायचे. तिसऱ्या पावसाळ्यात लोक ते डोहाच्या काठावर टाकून नवे आणायचे. ढिगातून काळं पाणी झिरपून डोहात जायचं. त्या डोहात दामू बेडकाची पिल्लं होती. त्यांच्या शेपट्या गळेनात, पाय फुटेनात. दामू घाबरला आणि त्याने दरबारात तक्रार केली.

दरबाराने ताबडतोब समिती नेमली. ‘हिरवं पान’ समिती. जो मोबाइल जंगलाला अपायकारक नाही, त्याच्या पाठीवर हिरवं पान चिकटवायचं आणि पान नसेल त्याला पाणवठ्यावर मज्जाव. अध्यक्ष झाले धवलकरसाहेब, म्हणजे बगळा. तासन् तास डोळे मिटून पाण्यात उभं राहण्याचा त्यांचा अनुभव मोठा होता. दामूने त्यांचं अभिनंदन केलं, पण लांबूनच.

समितीने फॉर्म काढला. मोबाइल टिकाऊ आहे का? उघडून दुरुस्त करता येतो का? मेल्यावर परत घेता का? जंबूशेठने तिन्ही ठिकाणी सुंदर अक्षरात ‘होय’ लिहिलं. मोबाइल उघडून कोणी पाहिला नाही, कारण तसा नियम नव्हता. साहेबांनी खोका मात्र हुंगून पाहिला. तो वाळक्या पानांचा होता. समितीला फार समाधान वाटलं.

साळूआक्काही अस्वलाचा मोबाइल घेऊन गेली. नऊ वर्षं चाललाय, म्हणाली, याला द्या की पान. साहेबांनी खोका मागितला. खोका नव्हता. फॉर्म मागितला, तोही नव्हता.

“अहो, टिकला हे ठीक आहे,” साहेब समजुतीने म्हणाले. “पण हा टिकणार आहे, असं आधी कुणी लिहून दिलं होतं का?”

साळूआक्का मोबाइल घेऊन परत आली.

आता पान कुठे चिकटवायचं हा प्रश्न होता. जंबूशेठने नम्रपणे सुचवलं की पाठीमागे, खालच्या बाजूला, जिथे तो स्क्रू दिसतो तिथे शोभून दिसेल. डिंकही त्यानेच दिला, डोहाकाठच्या धावड्याचा, एकदम चिवट. आणि पान फाटलं किंवा एकदा काढलं तर मोबाइल हिरवा राहणार नाही, असा एक छोटासा नियम समितीने जोडला.

अस्वलाने नऊ वर्षांचा मोबाइल ढिगावर ठेवला. काय करणार, पाणी तर प्यायला हवं. नवा घेतला. दोन पावसाळ्यांनी त्याची बॅटरी फुगली, तेव्हा तो लाजत लाजत साळूआक्काकडे आला. पान न काढता होईल का, म्हणाला.

“पानाखालीच स्क्रू आहे, भाऊ,” ती म्हणाली.

“मग राहू दे, आक्का.”

असं रोज कोणी ना कोणी येऊन जायचं. ढीग वाढला. काळं पाणी धावड्याच्या मुळाशी गेलं आणि झाड वाळलं. डिंक संपला. आता नव्या मोबाइलना पान लावायचं कसं? समिती हवालदिल झाली. तेवढ्यात साहेबांचं लक्ष ढिगाकडे गेलं. मोबाइल सगळे मेले होते, पण पाठीवरची पानं काय ताजीतवानी! ती न फाडता, डिंकासकट कोण काढू शकेल? एकच काटेवाली.

साळूआक्काला सन्मानाने बोलावलं. शाल घातली, ती काट्यांना अडकून फाटली. मेलेल्यांवरचं पान काढून नव्यांना लावायचं काम तिला मिळालं. समितीने अहवालात त्याला पुनर्वापर म्हटलं.

पहिल्याच दिवशी तिने अस्वलाच्या त्या फुगलेल्या बॅटरीच्या मोबाइलवरचं पान सोडवलं. खाली स्क्रू होता. हात कुठे ऐकतो! तिने तो फिरवला, बॅटरी बदलली, मोबाइल सुरू झाला. मग दुसरा, मग तिसरा. संध्याकाळपर्यंत चाळीस मोबाइल काठावर ओळीने चालू होते. दामू पाण्यातून बघत होता. “ढीग कमी होतोय गं आक्का,” तो म्हणाला, आणि किती तरी दिवसांनी हसला.

साहेब तपासणीला आले.

“यांच्यावर पान कुठंय?”

“ते नव्यांना लावलं, साहेब. पण हे चालू आहेत. ज्याचे त्याला देऊन टाका.”

साहेबांनी डोळे मिटून विचार केला. पान नाही म्हणजे अपायकारक. अपायकारक वस्तू उघड्यावर ठेवणं बरं नव्हे. त्यांनी हुकूम केला आणि शिपाई माकडांनी चाळीसच्या चाळीस मोबाइल डोहात बुडवले. अस्वल बिचारं नव्या मोबाइलवरून आपलाच जुना नंबर लावून बघत असावं. एक मोबाइल पाण्यात गेल्यावरही थोडा वेळ वाजत होता.

साळूआक्काला रडू आलं. साळिंदर रडलं तर त्याला कोणी जवळ घेत नाही, काटे टोचतात. दामूने पळसाच्या द्रोणात पिल्लं भरली आणि तो निघून गेला. साहेब स्वच्छ झालेल्या काठाकडे पाहून म्हणाले, छान. आणि उद्या लवकर या, पानं बरीच काढायची आहेत.

तात्पर्य: बाळांनो, वस्तू दोन पावसाळे टिकली तरी पुष्कळ झालं, डिंक मात्र टिकाऊ वापरावा. आणि दामूच्या पिल्लांचं पुढे काय झालं ते विचारू नका. त्यांनी फॉर्म भरलेला नव्हता.